पाच सूत

"बाहेरून मोजलं ते मोजलंच नाही," एस्टिल कॉम्ब्स म्हणाला आणि त्याने बर्लच्या रायफलच्या तोंडातून लाकडी दांडी आत सोडली.

हे वाक्य त्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ होतं. शाळेतली पोरं नाक चिमटीत धरून एस्टिलच्या आवाजात ते म्हणून दाखवायची. पण नळीच्या लांबीची शंका आली की त्याच पोरांचे बाप बंदूक घेऊन एस्टिलच्याच दुकानात यायचे, कारण केंटकीच्या या डोंगराळ भागात सरकारी कायदा वाचलेला, आणि वाचून समजलेला, तो एकच माणूस होता. रायफलची नळी सोळा इंचांच्या खाली नको, छर्ऱ्याच्या बंदुकीची अठराच्या खाली नको. खाली हवी असेल तर आधी केंद्र सरकारकडे अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, आणि परवानगी येईपर्यंत हात बांधून बसायचं. परवानगी नसताना आखूड बंदूक सापडली तर दहा वर्षांपर्यंत आत. मग ती तुम्ही कोल्ह्यावर रोखलेली असो की भिंतीवर टांगलेली.

"साडेसोळा आहे, मी घरी मोजलीय," बर्ल म्हणाला. बर्ल कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, बोलण्यातून अजून झालेला नव्हता. रोज सकाळी आठला तो एस्टिलच्या दुकानातल्या शेगडीशेजारची खुर्ची धरायचा आणि इथे ऐकलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यात पोचवायचा.

"तोंडाशी हा तुकडा फिरवून बसवलायस, तो धरून साडेसोळा. फिरवून निघतो तो तुकडा कायदा मोजत नाही. झाळून पक्का केला तरच मोजतो." एस्टिलने तुकडा काढला, दांडीवर पेन्सिलची खूण केली, दांडी बाहेर ओढून फूटपट्टीवर धरली आणि सूत, म्हणजे इंचाचे आठवे भाग, मोजले. "सोळा आणि एक सूत. एका सुताने वाचलास."

"एका सुतासाठी माणसाला तुरुंगात घालतात?"

"अर्ध्यासाठीही घालतात."

"मेला कायदा!"

"मेला असता तर तू इतका घाबरत घाबरत आला असतास का?" एस्टिल म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. पासष्टीच्या माणसाला आपल्या नेमकेपणाचा थोडा माज असतो. एस्टिलला थोडा जास्त होता.

तेवढ्यात बाहेर हिरवा ट्रक थांबला आणि त्यातून व्हर्डा नोबल उतरली. ऐंशी वर्षांची, जेमतेम पाच फूट उंचीची बाई. स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसावा म्हणून ती बुडाखाली दोन उश्या घेऊन ट्रक चालवायची. एका हातात सफरचंदाच्या तळलेल्या करंज्यांचा डबा, दुसऱ्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. तिचा नवरा हॉबर्ट फेब्रुवारीत गेला होता. त्यानंतर ती दुकानात पहिल्यांदाच येत होती.

"या, व्हर्डाकाकू," एस्टिल पुढे झाला. सगळं खोरं तिला काकूच म्हणायचं.

"येते. दार धर आधी, डबा पडेल. बर्ल, तू अजून त्याच खुर्चीत? तुला काय तिथे पेरलंय का कुणी?"

"काकू, मी आहे म्हणून दुकान चालतंय."

"चालतंय कसलं, तुला बघून गिऱ्हाईक पळतंय." तिने गोधडी काउंटरवर ठेवली आणि उलगडली. आत छर्ऱ्याची पंपाची बंदूक होती, वीस बोरची, दस्त्याचं लाकूड हाताने घासून घासून काळसर झालेलं. "शनिवारी मी लेकीकडे राहायला जातेय. घर बंद करतेय. ही बरोबर न्यायची आहे. साफसूफ करून दे. मी इथेच बसते, आजच्या आज घेऊन जाते. तुझ्या त्या वहीत नाव नको."

गिऱ्हाइकाची बंदूक रात्रभर दुकानात राहिली तर आवक-जावक वहीत तिचा नंबर लिहावा लागायचा. माणूस समोर बसून त्याच दिवशी घेऊन गेला तर नोंदीची गरज नव्हती. पुष्कळांना सरकारी वहीत नाव नको असायचं, त्यामुळे एस्टिलला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"डॅरेलच्या घरी नेणार म्हणजे," तो म्हणाला. डॅरेल तिचा जावई, शेरीफच्या कचेरीत डेप्युटी.

"वीस वर्षं त्याला ही बघायची होती. हॉबर्टने हात लावू दिला नाही. 'पोलिसाला सासरा बंदूक दाखवत नाही' म्हणून पोरगा किती दिवस फुगून बसला होता. आता दाखवते."

"हॉबर्टकाकांची गंमतच होती," बर्ल खुर्चीतून म्हणाला. "माळ्यावरचा हॉबर्ट!"

हे नाव बर्लनेच पाडलेलं होतं. जुन्या मोठ्या पुरात सगळी वस्ती शाळेच्या इमारतीत गेली, हॉबर्ट तेवढा गेला नाही. बंदूक मांडीवर घेऊन गोठ्याच्या माळ्यावर दोन दिवस एकटा बसून राहिला. होडीतून न्यायला आलेल्या डेप्युटीला त्याने चक्क परत पाठवलं. पाणी उतरल्यावर बर्लने ती हकीकत अशी रंगवली की पुढे अडतीस वर्षं ती प्रत्येक सहलीत, प्रत्येक बारशाला सांगितली गेली. फेब्रुवारीत अंत्यविधीनंतर जेवणाच्या टेबलावरही त्याने ती सांगितली. सगळे हसले. एस्टिल तर डोळे पुसून हसला.

आताही तो हसला आणि बंदूक घेऊन मागच्या कामाच्या खोलीत गेला.

बंदूक स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की साफ करण्यासारखं फारसं नव्हतंच. त्याने ती रिकामी असल्याची खात्री केली, तेलाचा बोळा फिरवला, आणि मग निव्वळ सवयीने, डेप्युटीच्या घरी जायची आहे तर बघून ठेवू म्हणून, काडतुसामागचा अडसर, म्हणजे बोल्ट, बंद करून दांडी आत सोडली. खूण केली. पट्टीवर धरली.

सतरा इंच, तीन सूत.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजली. मग दांडी बदलून मोजली. नळी तेवढीच राहिली. अठराला पाच सूत कमी.

मग त्याने बंदूक खिडकीकडे नेली आणि नळीचं तोंड बघितलं. नेम धरायचा पितळी मणी केसभर डावीकडे झाळलेला होता. तो मणी त्याने ओळखला. चाळीस वर्षं जुनी चूकही माणूस स्वतःच्या अक्षरासारखी ओळखतो.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, म्हाताऱ्या टॉलिव्हरच्या दुकानात नोकरीला. हॉबर्ट नोबल ही बंदूक घेऊन आला होता. म्हणाला होता, बायको बुटकी आहे, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी एवढी लांब नळी तिला फिरवता येत नाही, जरा कापून दे. टॉलिव्हर त्या दिवशी गावाला गेलेला. एस्टिलने नळी बंदुकीवरून उतरवली, बाकावर आडवी ठेवली, टोकापासून टोकापर्यंत टेप धरला आणि अठरा इंच दोन सुतांवर करवत चालवली, मग मणी नव्या टोकाशी झाळला. दोन सूत मुद्दाम जास्त ठेवले, सावधगिरी म्हणून. पण उतरवलेल्या नळीच्या मागच्या टोकाला एक जीभ असते. बंदुकीच्या पोटात शिरून ती बोल्टला धरून ठेवते. ती सात सूत लांब असते आणि कायद्याच्या मोजणीत धरत नाहीत. हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी ठाऊक झालं. तो परवान्यासाठी शिकायला गेला, तिथे पहिल्याच दिवशी हे शिकवलं. आणि इथेच एस्टिलची मान खाली जाते, कारण त्या दिवशी वर्गात बसल्या बसल्या त्याला हॉबर्टची नळी आठवली होती. त्याने स्वतःची समजूत घातली, आपण दोन सूत जास्त ठेवले होते ना, मग झालं. हिशेब त्याने केलाच नाही. कारण केला असता तर उत्तर आलं असतं.

ते उत्तर घरात ठेवून ती बाई चाळीस वर्षं दार लावून झोपत होती. आणि शनिवारी ते उत्तर डेप्युटीच्या घरात जाणार होतं. डॅरेल हौशी माणूस, सासऱ्याची बंदूक हातात आली की पहिल्याच संध्याकाळी दांडी घालून बघेल. बाहेरून मोजलं ते मोजलंच नाही, हे त्याला एस्टिलनेच शिकवलं होतं. मग काय करील तो? सासूला धरून नेईल, की गप बसून स्वतःची नोकरी धोक्यात घालील?

"एस्टिल!" बर्ल पुढून ओरडला. "कॉफी संपली!"

एस्टिल दारात आला. "बर्ल, जा, जेवून ये."

"साडेदहा वाजलेत."

"मग नाश्ता कर."

"तो केलाय."

"मग दुसरा कर, बर्ल. जा."

बर्लने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, डब्यातली एक करंजी उचलली आणि न बोलता गेला. हे इतकं नवलाचं होतं की दार बंद झाल्यावरही व्हर्डाकाकू त्या दाराकडे बघत राहिली.

एस्टिल मागे आला. मागच्या फळीवर, खोक्यात, याच बनावटीची एक नवी नळी होती. साडेअठरा इंच, कारखान्यातून आलेली, निर्दोष. पंपाच्या बंदुकीची नळी बदलणं म्हणजे पुढची टोपी सोडवायची, जुनी ओढायची, नवी घालायची, टोपी आवळायची. पाच मिनिटांचं काम. जुनी नळी करवतीखाली घातली की ते नुसतं लोखंड. मग सतरा इंच तीन सूत हे जगात कुठे उरलंच नसतं. कुणाला कळलं नसतं. बाईही सुटली असती, डॅरेलही सुटला असता आणि एस्टिल कॉम्ब्सचं नावही जसंच्या तसं राहिलं असतं. यात कुणाचं वाईट होतं? कुणाचंच नाही. असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं यातच सगळं आलं.

त्याने नवी नळी बसवली. दांडीने मोजली. बंदूक घेऊन पुढे आला.

"झाली, काकू. नळी बदलून दिलीय. जुनी आतून गंजली होती. माझ्याकडे ही पडूनच होती, तुम्हाला भेट समजा."

व्हर्डाकाकूने बंदूक हातात घेतली नाही. "गंजली होती?"

"हो. आतून. बाहेरून दिसत नाही."

"दर रविवारी चर्चमधून आला की हॉबर्ट तेल घालायचा. चाळीस वर्षं. जेवायच्या आधी. मी ओरडायची, हात धू म्हणून."

एस्टिल काउंटर पुसू लागला. काउंटर स्वच्छच होता.

"जुनी नळी दे मग," ती म्हणाली. "तिच्यावर खालच्या अंगाला खाचा आहेत. हॉबर्टने कानशीने घातलेल्या. मी मारलेल्या प्रत्येक कोल्ह्याची एक. दहा कोल्हे आणि एक अस्वल. अस्वलाला लागलं नव्हतं, पण तो म्हणाला, पळालं म्हणजे धरायचं."

"ती… ती देता येणार नाही, काकू. कापावी लागेल."

"गंजलेली नळी कापावी लागते?"

"नियम आहे."

असा काही नियम नव्हता. व्हर्डाकाकू त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता. चर्चमध्ये मेणबत्ती लागते की विझते हे बघत माणूस उभा राहतो, तशी ती बघत होती. मग ती हळूच उठली.

"बरं. तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली. गोधडी उलगडून तिने बंदूक तिच्यात ठेवली आणि एक एक टोक दुमडू लागली. "नळ्यांतलं तुला कळतं. हॉबर्टही हेच म्हणायचा. एस्टिल सांगेल ते खरं."

एस्टिलच्या खोट्याचं काम झालं होतं. ती आता दार उघडणार, दोन उश्यांवर बसणार आणि निघून जाणार. त्याने दारापर्यंत जाऊन दार धरलंसुद्धा. आणि धरल्यावर त्याला ते उघडता येईना. त्या दाराची मूठ त्याने हजारदा फिरवली असेल, पण हात हलेना.

"काकू, बसा," तो म्हणाला.

"आत्ता उठले ना मी."

"बसा तरी. नळी गंजलेली नव्हती. नळी आखूड होती. पाच सूत आखूड. ती मी कापली होती, आणि चुकीची मोजून कापली होती. चाळीस वर्षं तुमच्या घरात मी गुन्हा ठेवला होता, काकू. कुणी मोजली असती तर तुम्हाला नेलं असतं, हॉबर्टकाकांना नेलं असतं. आणि दोन वर्षांनी मला शंका आली होती, तरी मी तुमच्या घरी आलो नाही. भ्यालो. आत्ताही भ्यालो, म्हणून खोटं बोललो."

एवढं तो एका दमात बोलला आणि काउंटरला टेकला. त्याला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरंच झालं असतं.

व्हर्डाकाकू खुर्चीत बसली. तिने मोठा श्वास सोडला, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं.

"देवा!" ती म्हणाली. "मला वाटलं, आता बोलत नाहीस. गोधडीची चारही टोकं दुमडून झाली होती रे माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाच सूत. ठाऊक आहे मला. हॉबर्टने झाडूच्या दांड्याने मोजली होती."

"कधी?" एस्टिलने विचारलं.

"तूच शिकवलंस की त्याला. तू तो परवाना घेऊन आलास आणि आगीच्या बंबाच्या फायर हॉलमध्ये सगळ्यांना गोळा करून दांडी घालून दाखवलीस. हॉबर्ट पहिल्या रांगेत होता. 'बाहेरून मोजलं ते मोजलंच नाही.' घरी आला, माझा झाडू घेतला, दांडा तासून बारीक केला, मोजली आणि बाकावर बसून राहिला. जेवला नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक ट्रकमध्ये टाकून तुमच्या दुकानात आला."

एस्टिलला तो दिवस आठवला. हॉबर्ट दुकानात आला, टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, आणि कारण नसताना छर्ऱ्यांची एक पेटी विकत घेऊन निघून गेला.

"आला होता. पण काही बोलला नाही," एस्टिल म्हणाला.

"कसा बोलेल? म्हातारा टॉलिव्हर समोर बसलेला. आणि तू फोनवर होतास. तुझी धाकटी तेव्हा इस्पितळात, तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं. हॉबर्ट घरी येऊन मला म्हणाला, 'व्हर्डा, हे मी आज बोललो तर म्हातारा पोराला संध्याकाळपर्यंत ठेवायचा नाही. परवाना जाईल, नोकरी जाईल, नोकरीबरोबर पोरीचा विमा जाईल. पाच सुतांसाठी एका लेकराचा जीव टांगायचा?' मी म्हटलं, मग टाक ना ती नदीत. तर म्हणाला, तुझ्या खाचा आहेत तिच्यावर. मग दाराच्या मागे दोन खिळे ठोकले आणि तिथे टांगली. त्यानंतर ती आवाराबाहेर गेली नाही."

"पुरात—" एस्टिल बोलायला गेला आणि मधेच थांबला.

"हो," व्हर्डाकाकू म्हणाली. "शाळेत तीन डेप्युटी बसले होते, प्रत्येकाच्या बंदुका लिहून घेत होते. तिथे नेता येईना. आणि घरात ठेवून यावी, तर पाणी वाहवून कुणाच्या तरी दारात नेऊन टाकेल, वर तुझा तो डावीकडे गेलेला मणी, बघणारा ओळखणार. म्हणून बसला माळ्यावर. दोन दिवस. मक्याच्या पावाचा एक तुकडा होता त्याच्याकडे. नंतर सगळं खोरं हसलं. तूही हसलास, एस्टिल."

"हसलो."

"फेब्रुवारीतही हसलास."

"हो, काकू."

"मी पण हसले. काय करणार, त्याने शब्द घेतला होता माझ्याकडून." तिने पदराआड लपवावं तसं तोंड स्वेटरच्या बाहीत लपवलं. एस्टिल तिच्या समोर जमिनीवरच बसला. त्याचे गुडघे दुखायचे, तरी बसला. त्याची धाकटी आता बेचाळीस वर्षांची होती. गेल्याच महिन्यात तिने स्वतःच्या पोराचा फोटो पाठवला होता, दोन दात पडलेल्या तोंडाचा.

"जायच्या आधी तो मला म्हणाला," व्हर्डाकाकूने बाहीने नाक पुसलं, "'मी गेल्यावर तू या घरात एकटी राहू नकोस. पण बंदूक दुसऱ्याच्या घरात न्यायच्या आधी एस्टिलकडे ने. दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि तू काही बोलू नकोस. त्याला मोजू दे. तो बोलेल.' मी म्हटलं, नाही बोलला तर? तर म्हणाला, 'बोलेल गं. जरा वेळ लागेल, पण बोलेल.'"

एस्टिलने तोंड दोन्ही हातांत धरलं. आपण त्या माणसाला वेडा म्हणून हसलो आणि तो आपल्यावर विश्वास ठेवून मेला, हे त्याला एकदमच कळलं, आणि ते सोसवेना. पासष्ट वर्षांचा माणूस तेलकट फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला. व्हर्डाकाकूने त्याला रडू दिलं. मग डबा पुढे सरकवला.

"एक खा. बर्ल आल्यावर उरायच्या नाहीत."

त्याने खाल्ली नाही. उठला, मागे गेला, जुनी नळी शिकंज्यात धरली. व्हर्डाकाकूही मागोमाग येऊन उभी राहिली. त्याने नळी तीन ठिकाणी कापली. ठिणग्या उडाल्या, जुन्या तेलाचा वास सुटला. ज्या तुकड्यावर अकरा खाचा होत्या, त्याच्या कडा त्याने कानशीने घासून गोल केल्या, फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला. वीतभर लांबीचा लोखंडाचा तुकडा. त्याला आता कुणाचा कायदा लागत नव्हता. तिने त्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि अकराव्या खाचेशी थांबली.

"अस्वल," ती म्हणाली.

पुढे दाराची घंटा वाजली. बर्ल परत आला होता, शर्टावर अंड्याचा डाग घेऊन. "दुसरा नाश्ता केला," तो म्हणाला. "आता सांगा काय झालं ते. दोघांचे डोळे लाल कशाने?"

एस्टिलने व्हर्डाकाकूकडे बघितलं. बर्लला सांगितलेलं सूर्य मावळायच्या आत चर्चच्या पायरीपर्यंत पोचतं, हे दोघांनाही माहीत होतं. फायर हॉलमध्ये पुढच्या वेळी दांडी धरून उभं राहिल्यावर लोक कसे बघतील तेही एस्टिलला दिसत होतं.

"काकू, यात तुमच्यावर काही यायला नको," तो हळू आवाजात म्हणाला.

"ऐंशी वर्षांची आहे मी. आणि मोजायला नळी कुठे आहे आता?"

एस्टिलने शेगडीशेजारची खुर्ची पुढे ओढली. "बर्ल, बस. एक्क्याऐंशी साली मी एक नळी कापली. बाहेरून मोजून कापली. पाच सूत आखूड."

"तू?" बर्ल हसायलाच लागला. "तू? बाहेरून मोजलं ते—"

"हो, मी. हस. पण पुढचं ऐक. ती हॉबर्टकाकांची होती." आणि त्याने सगळं सांगितलं. झाडूचा दांडा सांगितला, छर्ऱ्यांची पेटी सांगितली, इस्पितळ सांगितलं, दारामागचे दोन खिळे सांगितले. स्वतः वर्गात बसून हिशेब टाळला तेही गाळलं नाही. पुरातले माळ्यावरचे दोन दिवसही त्याने नीट सांगितले. हॉबर्ट तिथे कशासाठी बसला होता आणि कुणासाठी बसला होता, ते सांगितलं.

बर्लचं हसू कधीच ओसरलं होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा हातात घेतली. त्याला ती कुठे ठेवावी कळेना. "अडतीस वर्षं," तो म्हणाला. "अडतीस वर्षं मी ते… काकू, त्याच्या अंत्यविधीलाही मी…"

"ठाऊक आहे मला. समोरच बसले होते मी."

"आता मी काय करू?"

व्हर्डाकाकूने खाचांचा तुकडा स्वेटरच्या खिशात घातला, गोधडीतली बंदूक काखेत घेतली आणि डबा काउंटरवरच ठेवून दारापाशी गेली. एस्टिलने पुढे होऊन दार उघडलं.

"हेही सांग," ती म्हणाली. "सगळीकडे सांग, बर्ल. जितक्या जोरात ते सांगितलंस ना, तितक्याच जोरात हेही सांग."